रेअर अर्थच्या खाणींमुळे आसपासच्या गावांचं पाणी खरंच बिघडतं का, की हा इलेक्ट्रिक गाड्यांविरुद्धचा अपप्रचार आहे?

खरंच बिघडतं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून पाण्यापुरतंच सांगते. गाडी घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधलं चुंबक तापलं तरी टिकावं म्हणून त्यात डिस्प्रोशियम, टर्बियम हे रेअर अर्थ गटातले धातू घालतात. हे धातू मुख्यतः दक्षिण चीनमधल्या आणि आता म्यानमारच्या काचिन राज्यातल्या चिकणमातीतून येतात. तिथे डोंगर फोडत बसत नाहीत. वरून भोकं पाडून पाइप घालतात आणि त्यातून अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडतात. हो, आपल्याकडे शेतात टाकतात तेच खत. मातीच्या कणांना चिकटलेल्या धातूंची जागा अमोनियम घेतं, सुटलेले धातू पाण्याबरोबर पायथ्याशी येतात, तिथल्या हौदांत ऑक्झॅलिक आम्ल टाकून त्यांचा साका खाली बसवतात.

पण सगळं द्रावण हौदात थोडंच येतं! उरलेलं भेगांतून भूजलात आणि ओढ्यात जातं. अमोनिया, नायट्रेट, सल्फेट वाढतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि मातीत बांधलेलं शिसं, कॅडमियमही सुटायला लागतं. लोक रेअर अर्थच्या नावाला घाबरतात. माझ्या मते विहिरीला आधी धोका आहे तो या बाकीच्या गोष्टींचा. शिवाय खाण बंद झाली तरी डोंगरात मुरलेलं अमोनियम वर्षानुवर्षं झिरपत राहतं. जिआंग्शी प्रांतातल्या एकट्या गांझोऊ भागाच्या सफाईला ३८ अब्ज युआन लागतील, असं २०१२ मध्ये चीनच्या सरकारनेच सांगितलं होतं. पुढे तिथल्या बेकायदा खाणींवर टाच आली आणि धंदा सीमेपलीकडे काचिनमधल्या पांगवा, चिपवीकडे सरकला. विचारणारं कोणी नाही अशी जागा बघून गेला, याची मला मनस्वी चीड येते.

२०२५ मध्ये थायलंडच्या कोक नदीत आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर सापडलं. नदीच्या वरच्या अंगाला, म्यानमारच्या शान राज्यात, सोन्याच्या आणि रेअर अर्थच्या खाणी आहेत. संशय दोन्हींवर आहे.

असं पाणी दिसायला नितळ असू शकतं. घरच्या टीडीएस मीटरवर आर्सेनिक कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. म्हणून खाणीच्या खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेतच जायला हवेत, आणि त्याचं बिल खाणवाल्याच्या नावावर फाटायला हवं.