घंटागाडी गल्लीत येत नाही, तरी दंड मलाच?

सोलापुरातल्या साखर पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय. गल्ली अरुंद, एका बाजूला दोन चारचाकी आणि एक टेम्पो कायमचा उभा, टेम्पो तर कित्येक महिने जागचा हललेला नाही. त्यामुळं घंटागाडी आत शिरत नाही, "कोपऱ्यावर गाणं लावून थांबती आणि जाती." मग ज्याला कोपऱ्यापर्यंत चालायचा कंटाळा तो पिशवी ताईंच्या भिंतीला टेकवून मोकळा. आता आरोग्य निरीक्षकांनी ताईंच्याच नावानं ५०० रुपये दंडाची नोटीस काढलीय, सात दिवसांत भरा म्हणून, आणि घरपट्टीच्या बिलात कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क लागलंय ते वेगळंच. त्यांचा प्रश्न असा, की गाडीच येईना तर घरपट्टी कशाला भरायची, आणि त्या टेम्पोच्या चाकातली हवा सोडली तर काय होईल?

ताई, आधी हवेचं. सोडू नका. टायरला साधा खिळा जरी लावला तरी नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, आणि मग आत्ता जो माणूस चुकीचा आहे तोच फिर्यादी होऊन बसेल.

घरपट्टी तर अजिबात थांबवू नका. हे मी जवळपास प्रत्येकाला सांगतो आणि जवळपास प्रत्येकाला ते पटत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि बिलाविरुद्ध न्यायालयात अपील करायचं म्हटलं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणं मुदत फक्त १५ दिवसांची आणि रक्कम आधी भरलेली असावी लागते, म्हणजे पैसे अडवून ठेवले की भांडायचं दारच बंद. शुल्क तर केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच सांगितलंय, ते महापालिकेनं मनानं लावलेलं नाही. तेव्हा बिल भरा, पण त्याच दिवशी एक साधं पत्र द्या की सेवा दारापर्यंत मिळत नाही, शुल्क हरकत नोंदवून भरत आहे. ऑनलाइन भरलं तरी पत्र वेगळं द्यायचंच. झोन ऑफिसला एक प्रत, इंद्रभुवनच्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीच्या, आवारात आवक विभागात एक, आणि दोन्हीकडं पोच घ्यायची, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली. पोच नसलेल्या पत्राला मी पत्र मानत नाही, आणि कोर्ट तर त्याहून मानत नाही.

आता दंड. तुमच्या भिंतीपाशी कचरा सापडला म्हणजे तो तुम्ही टाकला असं होत नाही, टाकणारा कोण हे दाखवायची जबाबदारी दंड लावणाऱ्याची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला जे दिसलं ते सांगतो. त्या ढिगात फोडणीची पानं, भाजीची देठं थोडीच आहेत, बाकी सगळ्या रंगीत सुताच्या गुंतवळ्या, टॉवेलच्या कापलेल्या किनारी आणि सुताचे दोन-तीन रिकामे कोन. सोलापुरातल्या कुणालाही विचारा, हा घरातला कचरा नाही, कारखान्यातला आहे. तुमच्या घरात लूम नाही, शिलाईचं काम नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे नोटिशीचं उत्तर तुमच्या हातात आयतं आहे की! लेखी उत्तर द्या, तारीख-वेळ उमटणारे फोटो जोडा, आणि विचारा की पंचनामा कुठाय, कचरा टाकताना कुणी पाहिलं, आणि दंड कुठल्या उपविधीच्या, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या नियमांच्या, कुठल्या कलमाखाली लावलाय. आणि हो, त्या किनारी कुणाच्या कारखान्यातल्या हे तुम्हाला माहीत असेलच, पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकू नका, अब्रुनुकसानीची नोटीस यायला वेळ लागत नाही. नाव लिहायचं तर तक्रारीत लिहा, तेही खात्री असेल तरच.

तुमच्या बाजूनं एक करा, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा म्हणजे सेल, जुनी औषधं, रंगाचे डबे, असं वेगवेगळं ठेवायला आजपासून लागा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे. कारण हे नियम तुम्हालाही लागू आहेत, आणि उद्या सुनावणीत "तुम्ही वर्गीकरण करता का" हा पहिला प्रश्न येणार.

खरा मुद्दा गाडीचा आहे. घराघरातून कचरा गोळा करणं ही महापालिकेची जबाबदारी त्याच घनकचरा नियमांत आहे, आणि कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणं अधिनियमाच्या कलम ६३ खाली बंधनकारक काम आहे, जमलं तर करू असलं नाही. चारचाकी गाडी शिरत नसेल तर हातगाडी पाठवा, सायकल पाठवा, तो त्यांचा प्रश्न. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर: आमच्या गल्लीचा घंटागाडीचा रूट चार्ट, वेळ, आणि गेल्या तीन महिन्यांची गाडीची हजेरी. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर पहिलं अपील. रूट चार्टवर तुमची गल्ली असली आणि गाडी येत नसली तर प्रकरण एकदम सोपं होतं. या पत्राची झेरॉक्स नगरसेवकांनाही द्या, प्रभाग समितीत विषय निघाला तर निरीक्षकांचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

पार्किंगला मात्र झोन ऑफिस म्हणणार वाहतूक शाखेकडं जा आणि वाहतूक शाखा म्हणणार महापालिकेकडं जा, म्हणून दोघांना एकच तक्रार द्या आणि प्रत्येकाच्या प्रतीवर दुसऱ्याचं नाव लिहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये अडथळा होईल अशी गाडी सोडणं मना आहे, आणि कलम १२७ प्रमाणं सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. तो टेम्पो यात अलगद बसतो. त्याच्या नंबर प्लेटसकट आठवड्याच्या अंतरानं फोटो काढून ठेवा, चाकाखाली साचलेला पालापाचोळा दिसू दे. बाकी दोन चारचाकी रात्री येतात, सकाळी जातात, तिथं प्रकरण एवढं सरळ नाही. "आमच्या दारात लावतो" हे त्यांचं म्हणणं कायद्यात टिकत नाही, रस्ता कुणाच्याच दाराचा नसतो, पण तेच तुम्हालाही लागू आहे.

म्हणून एक विचारतो, राग मानू नका. फोटोत तुमच्या दारापुढं दगडी कट्टा दिसतोय, तो तुमच्या हद्दीत आहे की गल्लीत? गल्लीत असेल तर तक्रार द्यायच्या आधी त्याचा विचार करा. आयुक्तांना रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार आहेच, आणि टेम्पो मोजायला आलेला माणूस कट्टाही मोजतो.

एवढं करूनही काही हललं नाही तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. रतलामच्या नागरिकांनी याच कलमाखाली उघड्या गटारांसाठी नगरपालिकेविरुद्ध आदेश मिळवला, नगरपालिका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८० मध्ये पैसे नाहीत ही सबब कोर्टानं ऐकली नाही. दिवाणी दाव्याची घाई मात्र नको, त्याला आधी महापालिकेला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि तुमचं काम बहुतेक तिथवर जाणारच नाही.

सध्या फक्त नोटिशीचं उत्तर बघा, सातातले दोन दिवस गेलेत. मला झेरॉक्स पाठवताना मागची बाजूपण पाठवा, कलमं बऱ्याचदा मागंच छापलेली असतात.