वकीलताईंना विचारा : पाटीवरचं ३५३ आणि धायरीचा मुलगा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी धायरीला राहतो, निवृत्त आहे. माझा मुलगा २३ वर्षांचा. आजोबांच्या जमिनीच्या एका जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी एका सरकारी कार्यालयात तीन खेपा घालून झाल्या होत्या. चौथ्यांदा ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ ऐकल्यावर त्याचं डोकं फिरलं. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी असलेल्या अभिलेख कक्षात तो मोबाइलवर शूटिंग करत शिरला आणि नक्कल मिळेपर्यंत हलणार नाही म्हणाला. आवाज चढला. सुरक्षारक्षकाने दंड धरला, याने हिसडा दिला. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची १३२, २२१, ३२९(३) आणि ३५२ ही कलमं लावली आणि रात्री अकराला नोटीस देऊन सोडलं. त्याला शिकायला जर्मनीला जायचंय. व्हिडिओ काढून टाक आणि साहेबांना माफीनामा लिहून दे, असं घरचे सगळे म्हणतात. काय करावं? — एक वडील

उत्तर : आधी ती दोन्ही कामं थांबवा. व्हिडिओ पुसला तर पुरावा नष्ट केल्याचं २४१ वं कलम आपणहून अंगावर घ्याल. शिवाय हिसडा होता की धक्का, हे दाखवणारी तीच एक गोष्ट तुमच्या हातात आहे. कार्यालयातल्या सीसीटीव्हीवर नंतरचं चित्रीकरण चढतं आणि जुनं पुसलं जातं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज आजच द्या, पोच घ्या. माफीनाम्याचं म्हणाल, तर शिवाजीनगर कोर्टात तीस वर्षं काढली, आणि ‘माझ्या हातून धक्काबुक्की झाली’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून आलेले सज्जन लोक मी बरेच पाहिलेत. पुढे तोच कागद कबुली म्हणून समोर येतो. मुलाला वाईट वाटत असेल तर वाटू दे, पण वकिलाला दाखवल्याशिवाय लिहून काही देऊ नका.

आता कलमं. सरकारी कचेरीत ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३’ ही पाटी तुम्ही पाहिली असेल. कचेऱ्यांमधून अजून तीच लटकते आहे. ते जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. आपल्या राज्याने मध्यंतरी त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती, म्हणून लोक घाबरतात. १ जुलै २०२४ पासून त्या जागी १३२ आलं आणि त्यात कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. ते अजामीनपात्र आहे, हे खरं.

पण १३२ लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. आरडाओरडा पुरत नाही. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, असं कायद्यातच लिहिलंय. बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्या जोडप्यावर तेव्हाचं ३५३ लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. तुमच्याकडे सगळं अडतं त्या हिसड्यावर. धरलेला दंड सोडवून घेणं वेगळं आणि अंगावर जाणं वेगळं. तो रक्षक सरकारी नोकर होता की एजन्सीचा, हेही विचारून ठेवा. लोकसेवक कोण, या मुद्द्यावर वाद घालता येतो.

अतिक्रमणाचं ३२९(३) मात्र हलकं असूनही मला जास्त विचार करायला लावतं. तीन महिने किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांना वाटतं पाटी ओलांडली की गुन्हा झाला. तसं नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. आपल्या जाण्याने कुणाला त्रास होईल हे ठाऊक असणं पुरेसं नाही, त्रास देणं हाच उद्देश हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात म्हटलंय. तुमचा मुलगा नकलेसाठी गेला होता; आधीच्या तीन खेपांचे अर्ज, पोचपावत्या असतील तर त्याचा हेतू त्यातूनच दिसेल. अडचण पुढच्या भागात आहे. रीतसर आत गेलेला माणूससुद्धा नंतर त्याच हेतूने ठाण मांडून बसला, तर तेही अतिक्रमणच. ‘हलणार नाही’ हे वाक्य व्हिडिओत असेल, तर सरकारी वकील तिथेच बोट ठेवणार. (माझ्या मुलाने असं केलं असतं तर मी आधी कान उपटला असता, मग केस घेतली असती.)

२२१ हे लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याचं कलम; त्यासाठी त्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते. नुसत्या पोलीस अहवालावर कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. वकिलाला हे पहिल्यांदा तपासायला सांगा. ३५२ अपमानाचं आहे, ते फार मनाला लावून घेऊ नका.

नोटीस म्हणजे जामीन नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं; त्यातूनच ही पद्धत रुळली. बोलावतील तेव्हा जायचं. टाळलंत तर अटक होऊ शकते.

जर्मनीचं म्हणाल, तर नुसता गुन्हा नोंदला म्हणजे खटला प्रलंबित झाला असं नाही. दोषारोपपत्र जाऊन कोर्टाने दखल घेतली की पासपोर्ट अडू शकतो. तेव्हा कोर्टाची परवानगी काढून जाता येतं, केंद्र सरकारची १९९३ ची अधिसूचना त्यासाठीच आहे. व्हिसाच्या अर्जात विचारलं तर लपवू नका. १३२ आपसात मिटत नाही, म्हणून ‘साहेबांशी बोलून घेतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

आणि ती नक्कल अजून मिळालेली नसेलच. माहिती अधिकारात अभिलेख प्रत्यक्ष पाहायचाही हक्क आहे. पुणे महापालिकेत सुरू झालेली, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद नागरिकांना पाहू देण्याची पद्धत राज्य सरकारने २०१८ मध्ये इतर कार्यालयांनाही लागू केली. या सोमवारी तुम्ही स्वतः जा, मुलाला घरी ठेवा.