तुमचे प्रश्न : मोबाईल, मोह आणि पवित्र जीवन

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहतो. मंडळीच्या गायनवृंदात गातो. पण रात्री मोबाईलवर अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय सुटत नाही. दर वेळी रडून क्षमा मागतो, शपथ घेतो आणि आठवडाभरात पुन्हा पडतो. देवाने मला टाकून दिले असेल का?

उत्तर : नाही. पापे कबूल केली तर देव क्षमा करतो आणि शुद्ध करतो, हे १ योहान १:९ मधले अभिवचन विश्वासणाऱ्यांसाठीच लिहिलेले आहे. तेव्हा क्षमेबद्दल शंका धरू नका. प्रश्न शपथेचा आहे. तुम्ही ती पश्चात्तापाच्या भरात घेता आणि मोह गाठतो तो दमलेल्या, एकट्या रात्री. त्या घटकेला निर्धार फार तोकडा पडतो.

२ शमुवेल ११ नीट वाचा. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला बथशेबा ही परक्याची बायको स्नान करताना दिसली. मग त्याने तिची चौकशी केली, मग माणसे पाठवून तिला आणवले आणि व्यभिचार केला. मागे फिरायला जागा प्रत्येक वळणावर होती, पण पुढे जावे तसे ते अवघड होत गेले.

तुमच्या गेल्या तीन पतनांची अशीच उजळणी कागदावर करा : वार, वेळ, जागा, आधीचे दोन तास कसे गेले, मन कसे होते. बहुतेकांना एकच वाट दिसते. कामावर बोलणी खाल्ली, घरी कोणी नाही, जेवण उशिरा, मग अंथरुणात रील्स. रील्स अश्लील नसतात म्हणून त्यांत गैर वाटत नाही, पण डोळा तिथेच चाळवतो. म्हणून लढाई रील्सपाशी लढा. दहा वाजता मोबाईल स्वयंपाकघरात किंवा दाराजवळ चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ विकत घ्या. ‘गजरासाठी मोबाईल उशाशी हवा’ या सबबीने कितीतरी चांगले निश्चय बुडतात.

फिल्टरही बसवा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये प्रौढ संकेतस्थळे बंद करता येतात आणि मग सफारीचे खाजगी ब्राउझिंगही बंद होते. घरच्या वायफायच्या राउटरवर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते घाला. ते अश्लील संकेतस्थळे अडवतात. मोबाईल डेटा सुरू केला की राउटरचा फिल्टर निरुपयोगी, आणि व्हीपीएन अ‍ॅपनेही (इंटरनेट दुसऱ्याच वाटेने नेणाऱ्या अ‍ॅपने) तो चुकवता येतो. त्यामुळे फोनवर वेगळी सोय लागेलच. पासकोड मात्र दुसऱ्याने घालावा. आपल्याच खिशात किल्ली ठेवून लावलेले कुलूप कोणाला अडवणार?

तो दुसरा माणूस हा सगळ्यात मोठा उपाय आहे, आणि लोक तोच टाळतात. ‘आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा,’ असे याकोब ५:१६ सांगते. पुरुषाने पुरुषाजवळ, स्त्रीने स्त्रीजवळ बोलावे. वयाने आणि विश्वासात परिपक्व, तोंडाचा घट्ट माणूस शोधा. त्याच सवयीशी झगडणारा समवयस्क मित्र पुरत नाही, कारण दोघे एकमेकांना सूट देऊ लागतात. आठवड्यातून ठरावीक दिवशी त्याने थेट विचारावे : काय पाहिलेस, कधी, मला फोन का केला नाहीस? ‘जरा अशक्तपणा आला होता’ ही कबुली नव्हे.

पडलात तर त्याच दिवशी त्याला सांगा आणि रविवारी उपासनेला जा. ‘आता पवित्र झाल्यावरच तोंड दाखवीन’ असे म्हणून घरी बसणारा एकटा पडतो, आणि एकटेपणाने पुढचे पतन जवळ येते. महिनोन्‌महिने काहीच फरक पडत नसेल, झोप किंवा नोकरी बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे जा. त्यात विश्वास कमी पडल्याची लाज नाही.

प्रश्न : आमचा साखरपुडा झाला आहे, लग्न सात महिन्यांनी आहे. कुठपर्यंत जवळ यावे?

उत्तर : तुम्ही सीमारेषा विचारता, पण तिच्यापर्यंत जाऊन थांबायचे ठरवणारे सहसा थांबत नाहीत. शरीर एकदा पेटले की विचार मागे पडतो. योसेफ आपला धनी पोटीफर याच्या बायकोजवळ राहायलाही तयार नव्हता (उत्पत्ति ३९:१०), आणि तिने धरले तेव्हा वस्त्र टाकून पळाला. तुमचे नाते वेगळे आहे, प्रीतीचे आणि मंगल आहे. शहाणपण मात्र तेच. रिकाम्या घरात भेटू नका, रात्री उशिरा व्हिडिओ कॉल नको, रात्रीच्या मुक्कामाच्या सहली नकोत. नियम दोघांनी दिवसाढवळ्या बसून ठरवा, ‘नाही’ म्हणण्याचे ओझे एकट्या मुलीवर टाकू नका, आणि पाळकांना किंवा एखाद्या विवाहित जोडप्याला ते सांगून ठेवा. घरच्यांचे जमत असेल तर लग्न अलीकडे घ्या. समारंभाच्या खर्चासाठी तारीख लांबवणे आम्हाला पटत नाही. १ करिंथ ७:९ मध्ये पौलाने याबाबत स्पष्ट सल्ला दिला आहे : संयम राखता येत नसेल तर लग्न करावे.

प्रश्न : रस्त्यात सुंदर स्त्री दिसली आणि मन चाळवले, तर पाप झाले का?

उत्तर : दिसणे आणि क्षणभर आकर्षण वाटणे हा मोह आहे, पाप नव्हे. मत्तय ५:२८ मध्ये प्रभू वासना धरून पाहण्याबद्दल बोलतो. नजर पुन्हा वळवणे, मनात ते चित्र रंगवणे, हे आपण करतो. नजर काढून घ्या आणि तिच्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करा : ‘प्रभू, तिला सुखरूप घरी ने.’ ती कुणाची तरी मुलगी, बहीण, आई आहे, आणि देवाच्या प्रतिरूपाची आहे, हे डोळ्यांना त्याच क्षणी शिकवावे लागते.