टेस्ट केली तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?

"मॅडम, टेस्ट करा म्हणताय खरं, पण उद्या त्यात काय निघालं तर पोरीचं लग्न कसं व्हायचं?"

समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी निपाणीच्या माणसाकडून ऐकलंय, खानापूरच्या, अथणीच्या, संकेश्वरच्या माणसाकडून ऐकलंय, मराठीत ऐकलंय, कन्नडमधे ऐकलंय आणि एकदा एका काकांकडून दोन्ही भाषा मिसळून एका दमात ऐकलंय. घरात हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, मुलगा असला आणि त्याची बहीण लग्नाची झाली की हे येणारच. दर वेळी तेच तेच समजावण्यापेक्षा एका घराची गोष्ट लिहून टाकते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. मुलगा सतरा वर्षांचा, सिव्हिअर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी. उजवा गुडघा आत रक्तस्राव होऊन होऊन वाकडा झालेला. मुलगी बावीसची, बी.कॉम. करून पतसंस्थेत अकाउंट्स बघते. कागलकडचं एक स्थळ आलेलं, सगळं पसंत, आणि फॅक्टर देणाऱ्या डॉक्टरांनी मधेच सांगितलं की बहिणीची जेनेटिक टेस्ट करून घ्या, ती कॅरियर, म्हणजे आजार पुढच्या पिढीत नेणारी, असू शकते.

पहिल्या दिवशी आई-वडील दोघंच आले.

"मुलगी कुठाय?"

"तिला कळायला नको म्हणून आणलीच न्हाई."

"आणि रक्त कुणाचं काढायचं?"

"तिचंच की. हिमोग्लोबिन बघायचं म्हणून सांगतो तिला."

मी नाही म्हटलं, जरा कडकच म्हटलं. बावीस वर्षांची बाई आहे ती, संमतीच्या फॉर्मवर तिची सही लागते, आणि तो फॉर्म कन्नडमधे, रिपोर्ट इंग्लिशमधे, घरात बोलणं मराठीत, म्हणजे तिला कुणीतरी बसून नीट सांगितल्याशिवाय ती सही कशावर करतेय तेही कळायचं नाही (आमच्या बेळगाव भागात समुपदेशकाचं अर्धं काम हेच असतं, दुसरं कुठलं शास्त्र नंतर). वडिलांना राग आला. "आम्ही तिचं वाईट बघतोय काय?" म्हणाले. नाही बघत हो. पण काळजीपोटी माणूस पोरीला तिच्याच रक्ताच्या बातमीपासून लांब ठेवतो, हे मी इतकं बघितलंय की आता या एका मुद्द्यावर मी मागं सरकत नाही.

दुसऱ्या वेळी मुलगी आली, आई आली आणि सोबत आईची आई, म्हणजे आज्जी. गडहिंग्लजकडची म्हातारी, हिरवं काठापदराचं लुगडं, हातात पिशवी. मी नेहमीसारखी कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू काढली आणि घराचं झाड काढायला बसले. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, ज्याला आजार आहे तो चौकोन काळा भरायचा. मोठमोठी पुस्तकं वाचून झाली, पण माझा भरवसा या कागदावर जास्त. माणसं एकमेकांकडं बघून जे बोलत नाहीत ते कागदाकडं बघत बोलतात.

मुलाचा चौकोन काळा केला. मग आईला सांगितलं ते असं की प्रत्येक बाईच्या पिशवीत एक्स गुणसूत्राच्या दोन पुड्या असतात, पुरुषाकडं एकच. फॅक्टर आठ बनवायची चिठ्ठी या पुडीत. बाईची एक पुडी खराब निघाली तरी दुसरी बहुतेक वेळा काम भागवते, मुलाकडं दुसरी नसतेच. लेकराला आई दोन्हीतली कुठलीतरी एक पुडी देते, बघून निवडून देत नाही. म्हणून कॅरियर बाईच्या दर मुलाला आजाराची शक्यता निम्मी आणि दर मुलीला कॅरियर होण्याची निम्मी, आणि हे प्रत्येक बाळंतपणात नव्यानं. "एकाला झालं, आता दुसऱ्याला न्हाई होणार" असं नसतं. आणि हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली कॅरियर, मुलगे मात्र मोकळे, कारण मुलाला बाप एक्स देतच नाही.

"म्हणजे माझ्याकडनंच आलं," आई म्हणाली. हे ती सतरा वर्षं ऐकत आलेली, सासूकडून, जावेकडून. मी म्हटलं, कधीकधी कुणाकडनंच येत नाही, साधारण तीनातल्या एका घरात आधी कुणालाच नसतं, बदल तिथंच नवा होतो.

तेवढ्यात आज्जीनं कागदावर बोट ठेवलं. तिच्या गोलाच्या शेजारी, रिकाम्या जागेवर.

"हितं एक चौकोन काढा. माझा धाकटा भाऊ व्हता."

सगळे गप्प.

"दात हलत व्हता त्याचा. दोऱ्यानं बांधून वडला. तीन दिस रगात थांबलं न्हाई. चौथ्या दिशी गेला. नऊ वर्साचा व्हता. आई म्हनायची, देवीचं राह्यलंय."

"आई, मला कधी बोलली नाहीस तू," मुलाची आई म्हणाली.

"काय बोलू? तवा बोललं असतं तर तुझं न् तुझ्या भनींचं लगीन झालं असतं व्हय?"

बघा, तेच वाक्य. रोगाच्या आधी हे वाक्यच या घरात आईकडून मुलीकडं येत होतं. आणि त्याची किंमत कुणी दिली? बारशानंतर या मुलाचे कान टोचले तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की अशी माणसं या घरात आधी होऊन गेलीत. आज्जीच्या डोक्यात आलं होतं. ती बोलली नाही.

मी पेन आज्जीच्या हातात दिला. तिनं चौकोन काळा केला, रेघांच्या बाहेर जात जात, पण पूर्ण केला.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी वाटलं की जिंकलं, झालं आपलं काम. दोन तास मी आई आणि आज्जी यांच्या मागं होते, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललेलं ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती, तिला मी एक धड प्रश्न विचारला नव्हता.

निघताना ती उठली, आणि उठल्या उठल्या वळून खुर्ची बघितली. एकच सेकंद. मग ओढणी मागं ओढली आणि चालायला लागली.

बायकांना हे वेगळं सांगायला नको. पण आम्ही बाकीच्या हे त्या चार दिवसांत करतो. म्हटलं, तू दोन मिनिटं थांब, बाकीचे बाहेर बसा.

"पाळी चालू आहे?"

"हो."

"कितवा दिवस?"

"आठवा."

"किती दिवस असते?"

"नऊ. कधी दहा. सगळ्यांची असतेच की मॅडम."

"कुणी सांगितलं सगळ्यांची असते?"

"आईची पण अशीच होती. आज्जी म्हणते आमच्या घरातल्या बायकांचं अंग उष्ण."

मग एकेक निघत गेलं. पतसंस्थेत दर दीड तासाला उठावं लागतं, मार्च एंडिंगला एकदा नाही उठता आलं तर काय झालं ते तिनं खाली बघून सांगितलं. काळा ड्रेस सोडून दुसरा रंग त्या दिवसांत नाही. लोहाच्या गोळ्या तीन वर्षं चालू. अक्कलदाढ काढली तेव्हा रात्रभर कापूस बदलत बसलेली, आणि तरी घरातल्या कुणी, आणि खरं तर मीसुद्धा, हे हिमोफिलियाला जोडलं नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की हा पोरांचा आजार, पोरी फक्त पुढं नेणाऱ्या. कॅरियर हा शब्दच तसा आहे, पोस्टमन असल्यासारखा, पत्र दुसऱ्याचं.

तिथं मला माझी चूक कळली, आणि तेव्हापासून माझं काम बदललं म्हटलं तरी चालेल. सगळं घर तिच्या न झालेल्या मुलांबद्दल बोलत होतं, न ठरलेल्या नवऱ्याबद्दल बोलत होतं. ज्या माणसाबद्दल घरात सगळे बोलतात आणि ज्याच्याशी कुणीच बोलत नाही, दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं, हे माझं ठाम मत आहे.

पुढं काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथं लोकांचा घोळ होतो.

आधी साधी टेस्ट, फॅक्टर आठची लेव्हल. नॉर्मल साधारण पन्नास ते दीडशे टक्के. तिची आली अठ्ठावीस. चाळीसच्या खाली म्हणजे ती नुसती कॅरियर नाही, तिला स्वतःलाच सौम्य हिमोफिलिया आहे, तिला उपचार पाहिजेत. पण उलटं लक्षात ठेवा, लेव्हल नॉर्मल आली म्हणून कॅरियर नाही असं म्हणता येत नाही, बऱ्याच कॅरियर बायकांची लेव्हल छान असते. ते जीन, म्हणजे पुडीतली ती चिठ्ठीच, बघूनच कळतं.

आणि जीन बघायचं तर आधी भावाचं रक्त. वडील म्हणाले, "पोराला हाय हे म्हाईतच हाय की, परत त्याचं कशाला?" कारण त्याच्या जीनमधे नेमकी चूक कुठं आहे ते आधी सापडायला लागतं, मग बहिणीत तेवढंच शोधायचं. नाहीतर एवढ्या मोठ्या जीनमधे कुठं म्हणून शोधणार, आणि नाही सापडलं तर नाही म्हणून नाही की दिसलं नाही म्हणून, हेच कळत नाही. सिव्हिअर हिमोफिलिया ए मधे चाळीस-पंचेचाळीस टक्के पेशंटांत एक ठराविक चूक असते, इंट्रॉन बावीस इन्व्हर्जन म्हणतात, जीनचा मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. ते 1993 मधे कळलं. म्हणून लॅब आधी तेच बघते. या मुलात तेच निघालं. मग जांभळ्या टोपणाच्या बाटलीत बहिणीचं दोन-तीन मिली रक्त, बस्स. तिच्यातही तेच निघालं.

रिपोर्ट मी तिच्या हातात दिला, वडिलांच्या नाही. तिनं वाचला, घडी घालून पर्समधे ठेवला आणि विचारलं, "म्हणजे माझं दर महिन्याचं हे थांबवता येतं?"

लग्नाचा प्रश्न तिनं विचारलाच नाही.

येतं की. आता तिचं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्ताचे डॉक्टर दोघं मिळून बघतात, पाळीत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत, पाच-सहा दिवसांवर आलंय. पुढं दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी कागद दाखवायचा. दुखलं म्हणून मेडिकलमधून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक उचलायचं नाही, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून धोका नंतरच्या दिवसांत, आणि म्हणूनच लेव्हल आधी माहीत असलेली बरी. सूईणीला, डॉक्टरला, सगळ्यांना.

वडिलांनी दबक्या आवाजात विचारलं, पोटात असताना बघता येतं काय. येतं, साधारण अकरा ते तेरा आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं गुन्हाच आहे, पण 1994 च्या त्याच गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यात अशा आजाराच्या तपासणीला नोंदणी असलेल्या सेंटरमधे परवानगी आहे. करायची की नाही ते ती आणि तिचा नवरा ठरवतील. मी नाही, तुम्ही पण नाही.

आज्जीचा एक उपाय होता, पोरगी घरातल्या घरातच द्यायची, म्हणजे बाहेर बोभाटा नको. मामाच्या मुलाला दिली तर या आजाराच्या हिशोबात जास्तीचं काही बिघडत नाही. पण आमच्या भागात सख्ख्या मामाला भाची देतात, आणि तो मामाच हिमोफिलियाचा असला आणि भाची कॅरियर, तर होणाऱ्या मुलींनासुद्धा पुरता आजार होऊ शकतो. असं एक घर मी बघितलंय. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

आणि स्थळाला सांगायचं का? माझं मत विचारलंत तर सांगायचं, साखरपुड्याच्या आधी, आणि मुलीनं स्वतः मुलाला सांगायचं, मध्यस्थाच्या तोंडून नाही. आज्जीनं लपवलं त्याचा हिशोब त्या कॅलेंडरच्या पानावर आहे. कागलचं स्थळ मोडलं, हे पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम गोड गोड लिहितात. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तुमच्या घरात असा मुलगा असेल तर त्याच्या बहिणीला, आईला, मावशीला, मावशीच्या मुलींना एवढं तरी विचारा: पाळी सात दिवसांच्या वर जाते का, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेलं का, कारण नसताना निळं-काळं होतं का. फॅक्टर लेव्हल कुठल्याही वयात करा, लहान मुलीची पण, पडझड, ऑपरेशन काय सांगून येत नाही. जीनची टेस्ट मात्र तिला स्वतःला कळून हो म्हणता येईल तेव्हा.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. मला वाटलं नवीन स्थळाचं काहीतरी असेल.

"मॅडम, मावशीची मुलगी हाय बघा, चौदाची. पाळी सुरू झालीय, अकरा दिवस झाले थांबेना. मावशी म्हणते सुरुवातीला असं असतंच."

"मावशी तयार आहे का आणायला?"

"न्हाई. पण मी रजा टाकलीय उद्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं मीच घेऊन येते, तुम्ही किती वाजता असता?"