पेशीतली अंगकं, त्यांचे निरोप आणि आपलं चयापचय: वाचकांचे प्रश्न

अंगकं म्हणजे पेशीच्या आत वेगवेगळी कामं करणारे छोटे भाग. त्यांच्या देवाणघेवाणीबद्दल येणारे प्रश्न फिरून फिरून त्याच चार-दोन गैरसमजांवर येतात. म्हणून त्यांतले काही इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: पेशीसाठी ऊर्जा बनवणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आणि प्रथिनं-मेद बनवणारी आंतर्द्रव्यजालिका (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) आकृतीत चिकटलेल्या दिसतात. त्यांची आवरणं एकमेकांत मिसळतात का?

नाही. मध्ये साधारण १० ते ३० नॅनोमीटरची फट राहते. काही प्रथिनं दोघींना जवळ धरून ठेवतात, इतकंच.

प्रश्न: मग त्या फटीतून जातं तरी काय?

मुख्यतः कॅल्शियम आणि मेद. पेशीद्रवात कॅल्शियम अगदी कमी, सुमारे १०० नॅनोमोलर असतं. जालिकेच्या पोटात त्याच्या हजारो पट साठा असतो. हॉर्मोनचा निरोप पेशीच्या आवरणावर पोचला की आयपी-३ हा रेणू तयार होतो आणि जालिकेवरची कॅल्शियमची दारं उघडतो. तंतुकणिकेच्या आतल्या आवरणावर कॅल्शियम घेणारा एमसीयू नावाचा मार्ग आहे. त्याचं प्रथिन २०११ मध्ये ओळखलं गेलं. पेशीद्रवातल्या एवढ्याशा कॅल्शियमला हा मार्ग दाद देत नाही. फटीत क्षणभर दाटलेलं कॅल्शियमच त्यातून आत शिरतं, म्हणून अंतराला एवढं महत्त्व. आत गेल्यावर ते पायरुवेट डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम आणि अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्स चक्रातली दोन एन्झाइमं वेगवान करतं आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतो. तेच कॅल्शियम आत साचत राहिलं तर तंतुकणिका फुगते, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. मेदाचा व्यवहार दुतर्फा असतो: फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य जालिकेत बनतं, तंतुकणिकेत त्याचं फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन होतं आणि त्यातलं काही परत जालिकेकडे जातं.

प्रश्न: ही जवळीक वाढवून चयापचय सुधारणाऱ्या कॅप्सूलची जाहिरात पाहिली. घ्यावी का?

नको. स्थूल उंदरांच्या यकृतावरच्या २०१४ च्या एका अभ्यासात ही जवळीक वाढलेली आणि त्यामुळे तंतुकणिकेत कॅल्शियम साचलेलं आढळलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला ती तुटल्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडलेलं दिसलं. वाढवायची की कमी करायची हेच जिथे ठरलेलं नाही, तिथे ‘वाढवते’ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. तंतुकणिकेला ऊर्जा बनवताना लागणाऱ्या कोएन्झाइम क्यू-१० ची जन्मजात कमतरता असेल तर ते खरं औषध आहे, पण निदान झाल्यावर आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. ‘फॅट बर्नर’ म्हणून डायनायट्रोफिनॉल कुणी देऊ केलं तर हातही लावू नका. ते तंतुकणिकेतली ऊर्जा एटीपीत न जाता उष्णतेत उधळायला लावतं. शरीर तापत जातं, त्यावर उतारा नाही आणि माणसं दगावली आहेत.

प्रश्न: सोळा तास उपास केला की पेशीतली साफसफाई सुरू होते, हे खरं का?

सोळाव्या तासाला कळ दाबल्यासारखं काही होत नाही. अमिनो आम्लं भरपूर असताना एमटॉर हे प्रथिनसंकुल लयकारिकेच्या (लायसोसोम, पेशीतला कचरा पचवणारी पिशवी) पृष्ठभागावर बसून साफसफाई रोखून धरतं. अमिनो आम्लं घटली की संकुल तिथून सुटतं, टीएफईबी हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि नव्या लयकारिकांसाठी लागणारी जनुकं चालू होतात. हे किती वेळात आणि कोणत्या अवयवात किती होतं, ते सांगणारी रक्ताची नेहमीची कुठलीही तपासणी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपासात धोकादायकरीत्या उतरू शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांवर तर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. गोळ्यांची नावं घेऊन आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: दीड वर्षाचं मूल आजारपणात जेवत नाही आणि सकाळी उठवूनही उठत नाही. मागच्या वेळी साखरपाण्याने तासाभरात ठीक झालं. दाखवायलाच हवं का?

हो, आणि आत्ताच, थेट रुग्णालयात. ‘मोठं झालं की जाईल’ हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो.

जेवण झाल्यावर पेशी मॅलोनिल-कोए हा रेणू बनवते. मेदाम्लांना तंतुकणिकेत नेणारं सीपीटी-१ हे दार त्यामुळे बंद राहतं. उपाशीपणी ऊर्जा घटली की ती घट ओळखणारं एएमपीके हे एन्झाइम जागं होतं, मॅलोनिल-कोए कमी होतं आणि दार उघडतं. मेदाम्लं आत जातात, दोन-दोन कार्बनांनी तुटत जातात, त्यातून यकृतात कीटोन हे पर्यायी इंधन बनतं आणि मेंदूला आधार मिळतो. २२ किंवा अधिक कार्बनांच्या साखळ्या आधी पेरॉक्सिझोम या दुसऱ्या अंगकात आखूड होऊन मगच इकडे येतात. या वाटेतलं एखादं एन्झाइम जन्मतः कमी असेल तर मूल एरवी ठणठणीत असतं. ताप, उलट्या आणि रात्रभर रिकामं पोट एकत्र आले की कोसळतं: साखर उतरते, पण कीटोन मात्र अपेक्षेइतके वाढत नाहीत. ही विसंगतीच निदानाची किल्ली आहे.

म्हणून रक्ताचा नमुना रुग्णालयात, मूल कोसळलेलं असतानाच घेतला पाहिजे. सलाइनमधून ग्लुकोज लगेच सुरू करायचं असतं, पण त्याआधीच रक्तातली साखर, कीटोन, अमोनिया, लॅक्टेट आणि अॅसिलकार्निटिन (मेदाम्लं कुठे अडली ते दाखवणारी द्रव्यं) यांसाठी रक्त काढून ठेवायचं. लघवीही जपून ठेवायची. मूल सावरल्यावर बऱ्याच तपासण्या निर्दोष येतात आणि घरचे निर्धास्त होतात, ही सर्वांत मोठी अडचण. घरच्या ग्लुकोमीटरवरही विसंबू नका, सुस्ती साखर उतरण्याआधीच येऊ शकते. ‘झटपट ऊर्जा’ म्हणून विकलं जाणारं एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाम्लांचं, तेल तर अजिबात देऊ नका: मध्यम साखळी तोडणारं एन्झाइम, म्हणजे एमसीएडी, कमी असेल तर तेच तेल घातक. लांब साखळीच्या दोषात मात्र तेच उपचार म्हणून देतात. म्हणून आधी निदान, मग आहार. तोवर खाणं थांबलं किंवा उलट्या लागल्या की वाट न पाहता रुग्णालय गाठा, आणि चयापचयाच्या विकारांच्या तज्ज्ञांची भेट ठरवून टाका.

प्रश्न: रिपोर्टमध्ये लॅक्टेट (तंतुकणिका कमी पडल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलंय. तंतुकणिका निकामी झाल्या का?

एका आकड्यावरून नाही. दंडाला पट्टा जास्त वेळ आवळला, मूठ वळली, मूल रडलं, फ्लोराइड नसलेल्या नळीत रक्त तसंच राहिलं, तरी लॅक्टेट वाढतं. विश्रांतीनंतर, पट्टा न आवळता पुन्हा तपासा. तरी जास्तच आलं तर डॉक्टरांकडे जा. तब्येत बरी नसेल, तर मात्र पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नका, लगेच जा.

प्रश्न: मधुमेहाचं मेटफॉर्मिन तंतुकणिका मंदावतं, असं वाचलं. बंद करू का?

स्वतःहून नाही. ते श्वसनसाखळीतला, म्हणजे तंतुकणिकेतल्या ऊर्जानिर्मितीतला, पहिला टप्पा थोडा मंदावतं हे खरं, पण मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरते. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर ते देत नाहीत. तुमचा ताजा आकडा काढा आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.