वाचकांचे प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क, जाताना १६ तास आणि येताना कमी का?

प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क अंतर सगळीकडे साधारण १२,५०० किलोमीटर दिलेलं असतं. थेट विमान जाताना १६ तास घेतं, येताना मात्र साडेचौदा-पंधरा. असं का? आणि हे अंतर आपल्याला घरी काढता येईल का?

उत्तर : काढता येतं, सायंटिफिक कॅल्क्युलेटर हवा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक रेखांश पूर्व, दुसरा पश्चिम, म्हणून बेरीज करायची : १४६.६५ अंश. इथे वजाबाकी केली की उत्तर पार फसतं. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२१३, दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले १४६.६५ ची कोसाइन, म्हणजे उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३० च्या आसपास येतं. कॅल्क्युलेटर ‘रेडियन’वर असेल तर भलतंच काहीतरी येईल, आधी ‘डिग्री’ वर आणा.

ही सर्वांत कमी अंतराची वाट मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकत निघते आणि थेट आइसलँडवरून जाते. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ती दिसणार नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

विमानं मात्र अगदी या दोऱ्यावरून उडत नाहीत. बंद हवाई हद्दी, वादळं, वारा यांमुळे वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्या कितीतरी फेऱ्या लांबल्या. आपण १३,३०० किलोमीटर धरू.

विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास, पण तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना सरासरी ६० चा वारा तोंडावर आला तर जमिनीवरून वेग ८४० : पावणेसोळा तास. येताना ५० चा वारा पाठीशी आला तर ९५० : १४ तास. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी यांसाठी दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास जोडा. तिकिटावरचा वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यामुळे हवेतला वेळ त्याहून कमीच. हिवाळ्यात जेट प्रवाह जोरात असतात, तेव्हा फरक आणखी वाढतो.

प्रश्न : लांबचा मार्ग घेऊन विमान लवकर पोचतं, हे खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे ती सुमारे साडेचौदा तासांत पोचली, म्हणजे आधीपेक्षा बरीच लवकर.

प्रश्न : न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात किती वाजता उतरू?

उत्तर : सुटण्याच्या वेळेत प्रवासाचे तास मिळवा, मग हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास वजा करा. जानेवारीत रात्री २ ला निघालात तर १६ तासांनी मुंबईत संध्याकाळचे ६, न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेचे सकाळी साडेसात. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. जोडविमान (कनेक्टिंग फ्लाइट) असेल तर त्या आठवड्यात तिकिटावरच्या वेळा पुन्हा तपासा.