सेंद्रिय खतासाठी मुलीची ठेव मोडावी का?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. तीन एकरांत केसर आंब्याची 120 झाडं, वय नऊ वर्षं. मागच्या हंगामात मोहोरावरच बगीचा व्यापाऱ्याला 1,80,000 रुपयांत दिला. झाडामागे सरासरी 50 किलो माल निघाला. आता एक विक्रेता दारात येऊन बसलाय. झाडाला 40 किलोची एक बॅग सेंद्रिय खत, बॅगेची किंमत 1,200 रुपये. फळ मोठं होईल, गोडी वाढेल, भाव दुप्पट मिळेल, असं तो सांगतो. एकूण खर्च 1,44,000. त्यासाठी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाकरता ठेवलेली दोन लाखांची मुदत ठेव मोडायची, की सोनं गहाण टाकायचं, असा प्रश्न आहे.

भाऊ, दोन्हीही करू नका. सेंद्रिय खत जरूर द्या, पण ते या भावात नाही आणि या पैशातून तर नाहीच.

तुमचेच आकडे मांडतो. 120 झाडांचा सहा टन माल 1,80,000 ला गेला, म्हणजे किलोला 30 रुपये पडले. हे खतही किलोला 30 रुपयांनीच पडतंय. 1,44,000 चा खर्च सहा टनांवर वाटला तर किलोमागे 24 रुपये होतात. म्हणजे भाव 54 झाला तरी तुमच्या हातात आजच्याइतकेच पैसे उरतील.

आणि तो भाव तुम्हाला देणार कोण? मोहोरावर सौदा करणारा व्यापारी फुलोरा बघतो, झाडं मोजतो, इसार देतो आणि जातो. फळाची गोडी मे महिन्यात कळते, तेव्हा माल त्याचा असतो. खताचा खर्च तुमचा आणि चवीचे पैसे त्याचे, असं होऊ नये. बगीचा ठेक्यानं जातोय तोवर दर्जा वाढवण्यावर मोठी रक्कम घालण्यात अर्थ नाही, हे मला अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं.

आता खताचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॅगेवर नत्र एक टक्का छापलंय, म्हणजे 40 किलोत 400 ग्रॅम. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोंहून जास्त नत्र असतं. चांगल्या शेणखतात ते साधारण अर्धा टक्का, म्हणून तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागेल. तेव्हा नत्रासाठी सेंद्रिय खत विकत घेणं परवडत नाही. ते घ्यायचं जमिनीसाठी. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बारीक मुळ्या तुटतात आणि एप्रिलच्या झळांत फळगळ होते. कुजलेलं खत आणि वर आच्छादन असेल तर ओल टिकते, फळ पोसतं. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह झाडाला नीट लागू होत नाही, तिथंही सेंद्रिय कर्ब कामाला येतो.

हे काम गोठ्यातलं खतही करतं. तुमच्याकडे चार जनावरं आहेत. दिवसाला 40 किलो शेण धरा. अर्धं रानात पडतं, उरलेलं कुजताना निम्म्यावर येतं, तरी वर्षाला साडेतीन टन खत होतं. झाडाला 50 किलोप्रमाणे सहा टन लागेल. राहिलेल्या अडीच टनांसाठी एक ट्रॉली घ्या. गावात ती 4,000 ला मिळते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे किलोला दीड-पावणेदोन रुपये. फक्त शेण पूर्ण कुजलेलं हवं. कच्चं टाकलंत तर मुळ्या खाणारी हुमणी अळी आणि वाळवी घरी बोलावल्यासारखं होईल. पावसाच्या तोंडावर, बुंध्यापाशी नाही तर फांद्यांच्या घेराखाली गोल चर काढून भरा. ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा आणि फुलोऱ्यावर आला की मातीत गाडून टाका. माती परीक्षण, बियाणं, मजुरी, ट्रॉली धरून हा खर्च 30,000 च्या आत बसावा, म्हणजे किलोमागे पाच रुपये. तो पीककर्जातून भागतो.

रासायनिक खत एकदम बंद करू नका. पहिल्या वर्षी उत्पन्न घटलं तर घरखर्चावरच येतं. माती परीक्षणाचा अहवाल बघून हळूहळू कमी करा. ‘सेंद्रिय’ म्हणून जास्त भाव हवा असेल तर प्रमाणपत्र लागतं, आणि फळबागेला त्याआधी तीन वर्षांचा रूपांतर काळ असतो, म्हणजे तेवढी वर्षं रासायनिक काही न घालता बाग सांभाळावी लागते. विक्रेत्यानं हे सांगितलेलं दिसत नाही. पाच शेतकऱ्यांचा गट जमला तर पीजीएस पद्धतीनं, म्हणजे गटातल्यांनीच एकमेकांची शेती तपासून हमी द्यायची अशा रीतीनं, कमी खर्चात प्रमाणीकरण होतं. शेजाऱ्यांशी बोलून बघा.

खरी कमाई विक्रीत आहे. येत्या सौद्यात 30 झाडं स्वतःकडे ठेवा आणि तसं लिहून घ्या. दीड टन माल होईल. व्यापाऱ्याच्या भावानं त्याचे 45,000 येतात. पंधरा टक्के खराबा सोडून उरलेला 70 रुपयांनी यवतमाळला घरोघर विकला तर 89,000 होतात. पेट्या, तोडणी, गाडीभाडं मिळून 20,000 वजा केले तरी 69,000 उरतात. राखण आणि गारपिटीची जोखीम मात्र तुमची, म्हणून सगळा बगीचा एकदम अंगावर घेऊ नका. देठ ठेवून जाळीच्या झेल्यानं तोडा, पिकवायला गवतात आढी नीट घाला, त्यासाठी कार्बाइडला हात लावू नका. फळमाशीचे सापळे लावायला विसरू नका. डंख लागलेलं एक फळ पेटीत निघालं की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

विक्रेत्याच्या खतावर विश्वास बसत असेल तर 10 झाडांना घाला, 12,000 जातील. पक्कं बिल घ्या. शेजारच्या 10 झाडांना शेणखत द्या आणि दोन्हीकडचा माल वेगळा तोला. ठेवीला तोवर हात लावू नका. मुलीची फी पुढच्या वर्षी भरायचीच आहे, ती तारीख आंब्यासाठी थांबणार नाही. माती परीक्षणाचा अहवाल आला की मला पाठवा, सौद्याचा कागद करण्याआधी एकदा बोलू.